माझ्या गाडीचा दिवा

रात्रीच्या वेळी समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याने डोळे दिपले म्हणजे त्या चालकाला चार शब्द सुनवावेत अशी इच्छा कोणाला होत नाही? मला तर ती इतक्या वेळा होत असे, की आमच्या सौभाग्यवतींनी एकदा मागच्या आसनावरून मला विचारले, "अहो, तो माणूस केव्हाच मैलभर मागे गेला. आता हे व्याख्यान कोणासाठी चालले आहे?" मी गप्प बसलो खरा, परंतु मनातल्या मनात ते व्याख्यान घरी पोहोचेपर्यंत चालूच राहिले. मालमोटारींच्या पाठीवर 'रात्री डिपर वापरा' असे रंगवलेले असते. ते वाक्य जणू माझ्याच वतीने सर्व जगाला सांगितले जात आहे, असे मला वाटे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मी वर्गात मुलांना कितीदा समजावून सांगितली असेल, त्याची गणतीच नाही.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्यापासून थोडे आत आहे. तेथल्या शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, २०१८ साली, मी साडेतीनशे सी.सी.ची एक मोटरसायकल घेतली. या वयात हा शौक कशाला, असे पुष्कळांनी विचारले. परंतु मुले मार्गाला लागली होती, गुडघे अजून चांगले होते, आणि आम्हां उभयतांना गाव सोडून चार दिवस हिंडण्याची हौस तरुणपणी भागवता आली नव्हती. त्या गाडीवरून आम्ही गोकाकचा धबधबा पाहिला, कारवारचा समुद्र पाहिला आणि दर डिसेंबरात चोर्ल्याच्या घाटातून जुन्या गोव्याला जाण्याचा तर परिपाठच ठेवला.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. तो बंद करण्याची कळच गाडीवर नसते. हेतू असा, की दिवसादेखील दुचाकी लांबून दिसावी. हेतू उत्तमच आहे. तथापि त्याचा एक परिणाम असाही आहे, की ज्याच्या दिव्याचा झोत वाकडा बसला असेल, तो आता अहोरात्र इतरांच्या डोळ्यांत झोत मारीत फिरतो, आणि आपण काही करतो आहोत याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. मी त्यांपैकीच एक होतो.

२०२४ साल हे जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचे वर्ष होते. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत ते दर्शन खुले होते. ३ डिसेंबरच्या सणाची गर्दी टाळून आम्ही त्यानंतरच्या आठवड्यात निघायचे ठरवले. निघण्यापूर्वी गाडीची तपासणी केली, तेव्हा मनात एक शल्य होते. गेली वर्ष-दोन वर्षे दिव्याचा उजेड मंदावल्यासारखा वाटत होता. घाटात धुके असते, वळणे अवघड, वय वाढलेले. म्हणून बाजारात जो एल.ई.डी.चा शुभ्र प्रकाशाचा बल्ब मिळतो, तो मी आणला आणि जुना हॅलोजन बल्ब काढून त्याच्या जागी बसवला. रात्री अंगणात दिवा लावून पाहिला, तो समोरच्या आंब्याच्या शेंड्यापर्यंत सगळे झाड उजळले! मला मोठे समाधान वाटले. रस्ता उजळण्यासाठी आणलेला दिवा आंब्याचा शेंडा कशाला उजळतो, हा प्रश्न एका गणिताच्या शिक्षकाला त्या वेळी सुचायला हवा होता. सुचला नाही.

जाणे दिवसा झाले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. परतताना मात्र जुन्या गोव्यातून निघायलाच चार वाजले, साखळी ओलांडून केरीला येईतो सांज झाली, आणि घाट चढू लागलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. घाटमाथ्यावर दाट धुके होते. त्या धुक्यात माझा नवा दिवा म्हणजे डोळ्यांपुढे टांगलेली पांढरी चादर. पाण्याच्या सूक्ष्म कणांवर आपटून सगळा प्रकाश माझ्याच तोंडावर परत येत होता. कणकुंबी, म्हणजे जेथे मलप्रभा उगम पावते ते गाव, मागे पडले तेव्हा धुके विरळ झाले आणि माझा जीव भांड्यात पडला. मागे सौभाग्यवती, दोन्ही अंगांना दोन पेट्या, वर गोव्याहून घेतलेले खाजे आणि काजूंची पिशवी, असा आमचा संसार गावाच्या फाट्यावर वळला, तेव्हा आठ वाजायला आले होते.

फाट्यापासून गाव दीड-दोन किलोमीटर. रस्ता अरुंद, डांबर कडेला उखडलेले, आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना पाणी जाण्यासाठी खणलेला चर. समोरून काहीतरी येत आहे असे दिसले म्हणून मी तत्परतेने दिवा डिपरवर घेतला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या क्षणी मी स्वतःला एक सभ्य नागरिक समजत होतो. एक सायकल जवळ आली, डगमगली आणि बाजूने निघून गेली. मागे पत्र्याच्या किटल्या खणखणल्या.

"अहो, थांबा. कोणी पडले वाटते," सौभाग्यवती म्हणाल्या.

"रिकाम्या किटल्या वाजणारच," मी म्हणालो, आणि थांबलो नाही. थंडी वाजत होती, पाठ दुखत होती, घर जवळ आले होते. आणखी कारणे शोधली तर सापडतील; पण खरे कारण एवढेच, की मला थांबायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन आमच्या शेजारच्या काकांऐवजी त्यांची सून आली. काका सत्तरीचे. गावातले दूध गोळा करून सायंकाळी फाट्यावरच्या डेअरीत घालायचे आणि रिकाम्या किटल्या घेऊन परतायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. आदल्या रात्री ते सायकलसकट चरात पडले होते. उजव्या हाताचे मनगट मोडले होते. मी त्यांना पाहायला गेलो. हात प्लॅस्टरमध्ये होता. चारपाच मंडळी आधीच जमली होती. काका सांगत होते, "कुणाची तरी गाडी आली. डोळ्यांम्होरं नुसतं पांढरं झालं बघा. कडा दिसंना, चर दिसंना." सर्वांनी त्या अज्ञात गाडीवाल्याची यथेच्छ निंदा केली. मीही मान हलवली. घरी येऊन चहा घेतला. त्यात दूध त्यांच्याच गोठ्यातले होते.

असे नऊ दिवस गेले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मात्र मला ऐकू येत होते.

शेवटी नाताळच्या सुट्टीत धाकटा मुलगा घरी आला, तेव्हा एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "आईला मागे बसव, पेट्या लाव, फाट्यावर जा आणि तेथून डिपरवर ये." मी स्वतः चालत जाऊन बरोबर त्याच जागी, चराच्या काठाशी उभा राहिलो. मुलाने विचारले, हे कशासाठी? मी म्हणालो, पाहायचे आहे.

पाहिले. गाडी दूर होती तोवर एक पांढरा ठिपका. मग तो फुटला आणि त्याने सगळी दृष्टी व्यापली. रस्ता नाहीसा झाला. माझे स्वतःचे पाय मला दिसेनात. गाडी बाजूने निघून गेली तरी कितीतरी वेळ डोळ्यांपुढे हिरवा-जांभळा डाग तरळत होता. तरुण माणसाचा डोळा अशा दीपनानंतर काही सेकंदांत सावरतो. वाढत्या वयात त्याला अधिक वेळ लागतो, आणि मोतीबिंदू धरू लागला असेल तर डोळ्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत विखुरतो व त्रास कित्येक पटींनी वाढतो. काकांचे वय सत्तर. आणि मी तर स्थिर उभा होतो; ते सायकलवर होते.

त्या रात्री मी आमच्या मोटारमेकॅनिकच्या घरी गेलो. हा माझाच जुना विद्यार्थी. गणितात काठावर उत्तीर्ण झालेला. त्याने दिवा उघडला आणि मला जे समजावून सांगितले, ते मी आयुष्यभर शिकवीत आलेल्या भूमितीच्या बाहेरचे मुळीच नव्हते.

हॅलोजन बल्बात दोन तारा असतात, एक अप्परची व एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ती वाटी खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे प्रकाश आरशाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून परावर्तित होऊन खाली रस्त्याकडे जातो. तार, वाटी आणि आरसा या तिघांची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते. म्हणूनच डिपरच्या झोताला वरच्या बाजूला स्पष्ट रेघ असते: रेघेखाली उजेड, रेघेवर अंधार. मी बसवलेल्या स्वस्त एल.ई.डी. बल्बात प्रकाश देणारे ठिपके एका जाड पट्टीच्या दोन बाजूंना होते. जुनी तार जेथे होती, तेथे ते नव्हतेच. आरशाने बिचाऱ्याने आपले काम केले, पण प्रकाश चुकीच्या जागेवरून आल्यामुळे तो चहूकडे उधळला. अप्पर आणि डिपर यांत फरक फक्त माझ्या कळीत उरला होता. कंपनीने मुळातच एल.ई.डी.साठी घडवलेल्या दिव्यांची गोष्ट वेगळी, हे त्याने आवर्जून सांगितले. त्यांचे आरसे व भिंगे त्याच हिशेबाने केलेली असतात.

"पण मास्तर, तुम्ही बल्ब बदललाच कशाला?" त्याने विचारले.

"उजेड कमी पडत होता."

त्याने मीटर लावून मोजले. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर १३.५ व्होल्ट होते. बल्बाच्या खोबणीत मात्र १२.१ पोहोचत होते. वाटेतल्या एका जोडावर हिरवा गंज चढला होता. दाब एक दशांश घटला तर उजेडही एक दशांशच घटेल, असे आपल्याला वाटते. पण हॅलोजन बल्बाचा उजेड त्याहून फार वेगाने उतरतो. दाबातील दहा टक्के घटीने तीस टक्क्यांच्या आसपास उजेड जातो. म्हणजे दोष बल्बाचा नव्हताच. त्याने तो जोड घासून स्वच्छ केला आणि माझा जुना बल्ब, काचेला बोट न लावता, फडक्याने धरून परत बसवला. बोटांचे तेल काचेवर राहिले तर तापल्यावर तेथेच काच कमजोर होते. त्याला तीन कान असतात आणि वरचा रुंद कान आपल्या खाचेतच बसतो. त्यामुळे तो उलटा बसण्याची सोय नाही. त्या एवढ्याशा कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत. "झोत मात्र तुम्हीच लावा," म्हणाला, "तुमच्या शाळेची भिंत आहेच."

शाळेला सुट्टी होती. मैदानाच्या टोकाला चुन्याने नुकतीच रंगवलेली लांब भिंत आणि तिच्यासमोर सपाट फरसबंदी, याहून उत्तम जागा कोठली? दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजा मी, मुलगा आणि सौभाग्यवती असे तिघे तेथे गेलो. सोबत फीत, खडू, पाने आणि पाण्याची बाटली. बाटली पिण्यासाठी नव्हे. ती आडवी ठेवून जमिनीची सपाटी पाहण्यासाठी. प्रथम दोन्ही चाकांतील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरून घेतली होती, कारण मागचे चाक जरा बसले तरी झोत वर चढतो.

गाडी भिंतीला काटकोनात, दिव्याच्या काचेपासून भिंतीपर्यंत बरोबर १० मीटर अंतर ठेवून उभी केली. १० मीटर एवढ्याचसाठी, की मग हिशेब तोंडी होतो: भिंतीवर १० सेंटिमीटरांचा फरक म्हणजे शंभरात एक. मुलगा आसनावर बसला. गाडी बाजूच्या किंवा मधल्या टेकूवर ठेवून झोत लावणे व्यर्थ. ती चाकांवर सरळ उभी हवी आणि नेहमीचा भार तिच्यावर हवा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यबिंदूची उंची ९५ सेंटिमीटर भरली. तेवढ्याच उंचीवर भिंतीवर मी आडवी रेघ ओढली आणि गाडीच्या मध्याच्या समोर एक उभी. मग डिपर लावला.

मुलगा एकटा असताना झोताची वरची कड माझ्या रेघेखाली ५ सेंटिमीटर होती. ठीक. मग सौभाग्यवती मागे बसल्या, पेट्या लावल्या, आणि झोत भिंतीवर चढू लागला. तो माझ्या रेघेवर येऊन थांबला नाही. तिच्याही वर २० सेंटिमीटर गेला. मी फीत दोनदा लावून पाहिली. १० मीटरांवर २५ सेंटिमीटरांचा फरक! माझ्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर सुमारे १४० सेंटिमीटर आहे; मागचे टोक पुढच्याच्या मानाने केवळ साडेतीन सेंटिमीटर अधिक दबले की एवढा फरक पडतो. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटे.

आता उरलेले उदाहरण मी वर्गात घालतो तसेच घालून पाहिले. झोत शंभरात दोन या चढाने वर जातो. दिव्याची उंची ९५. तर तो माणसाच्या डोळ्याच्या, म्हणजे सुमारे १६० सेंटिमीटर उंचीला कोठे पोहोचेल? उत्तर : ३३ मीटरांवर. म्हणजे एल.ई.डी.चा बल्ब नसता तरीही, निव्वळ सामान व सहप्रवासी यांमुळे, माझा सभ्य डिपर येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जात होता. गेली सहा वर्षे! दर डिसेंबरात, पायी यात्रेला निघालेल्या माणसांनी भरलेल्या रस्त्यावरून!

कायदाही याविषयी गप्प नाही, हे मला नंतर कळले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याला दिपवणार नाही इतका झोत कायमचा खाली वळवलेला असावा. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समोरून येणारा माणूस किती स्पष्ट उभा होता, याचे मला नवल वाटले.

मुलगा म्हणाला, "बाबा, मग सरळ खाली वाकवून टाकू या." परंतु तेही बरोबर नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तेथेच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी २८ मीटर. एकूण ५३. ताशी ४० ला हाच आकडा सुमारे २९ येतो. आता मागे भार असताना झोत योग्य यावा म्हणून दिवा खूप वाकवला, तर एकटे जाताना तो शंभरात चार इतका खाली जाईल आणि ९५ सेंटिमीटरांवरून निघालेला उजेड २४ मीटरांवरच जमिनीला टेकेल. चाळीसच्या वेगालासुद्धा तो पुरणार नाही. समोरच्याला वाचवताना स्वतः खड्ड्यात जायचे, असा तो प्रकार.

तेव्हा आधी मागची बाजू उचलली पाहिजे. मागच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगखाली पाच पायऱ्यांची एक कडी असते. पान्याने ती फिरवली की स्प्रिंग ताणून बसते आणि भार असूनही गाडी कमी दबते. माझी कडी गाडी घेतल्या दिवसापासून पहिल्या पायरीवर होती. तो पाना तर हत्यारांच्या पिशवीतून कधी बाहेरही निघाला नव्हता. कडी पाचव्या पायरीवर नेली, सौभाग्यवतींना पुन्हा बसवले, आणि २५ सेंटिमीटरांचा फरक १० वर आला. मग उदाहरण सुटले: एकटे असताना पहिल्या पायरीवर झोत रेघेखाली २० सेंटिमीटर ठेवायचा, म्हणजे उजेड ४७ मीटरांपर्यंत जाईल, दोघे असताना पाचव्या पायरीवर तो आपोआप १० सेंटिमीटर खाली राहील, आणि कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही. एकट्याने ६० च्या वेगाने रात्री जायचे नाही, एवढे पथ्य. आमच्या रस्त्यांवर तो वेग दिवसाही शक्य नाही. मोठ्या प्रवासी मोटरसायकलींना हा खटाटोप करावा लागत नाही, असे ऐकतो. होंडाच्या १८०० सी.सी.च्या गोल्ड विंग गाडीत बटन दाबून बसल्या जागी झोत खालीवर करता येई. आणि बी.एम.डब्ल्यू.च्या के १६०० या गाडीत तर वळणावर गाडी कलली की झोत स्वतः सावरून घेण्याची सोय असते. कारण मोटरसायकल डावीकडे झुकली की झोताची डावी बाजू खाली जाते आणि जेथे वळायचे तेथेच अंधार पडतो. घाटात हे मी शेकडो वेळा अनुभवले होते, पण कारण कळले नव्हते. असो. आमच्या गाडीला दोन बाजूंचे दोन बोल्ट आणि एक पाना.

मी बोल्ट सैल करीत होतो, तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून काका आत आले. हात गळ्यात अडकवलेला. भिंतीवर उजेड दिसला म्हणून आले असतील. काही न विचारता त्यांनी मुलाच्या हातातला खडू डाव्या हातात घेतला आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "सांगा मास्तर, रेघ कुठं ओढू?"

मी म्हणालो, "जुन्या रेघेखाली २० सेंटिमीटर." त्यांनी फीत मुलाला धरायला लावली आणि डाव्या हाताने एक थरथरती रेघ ओढली. मी दिवा खाली कलवू लागलो. झोत उतरला. रेघेच्या जरा वर होता. मी थांबलो.

"काका," मी म्हणालो, "त्या रात्री समोरून आली ती गाडी माझी होती."

त्यांनी खडू भिंतीला टेकवलेलाच ठेवला. "म्हाईत हाय की," ते म्हणाले. "डोळं दिपलं म्हणून कान जात्यात व्हय? तुमच्या गाडीचा आवाज सहा वर्सं ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताय का बघत होतो."

सौभाग्यवती गाडीवरून उतरून दूर शाळेच्या पायरीवर जाऊन बसल्या. मुलगा फीत गुंडाळू लागला, पुन्हा उलगडू लागला. थांबलो नाही याचे मी कारण द्यायला निघालो. थंडीचे, धुक्याचे, उशिराचे. काकांनी ऐकून घेतले. "वैनी 'थांबा' म्हणाल्या, त्येबी ऐकलं म्यां," एवढेच ते म्हणाले. मग माझ्याजवळ शब्द राहिले नाहीत.

दवाखान्याचा खर्च मी त्यांना दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. तो त्यांनी मोजून घेतला, आणि त्यामुळे मला बरे वाटले. प्लॅस्टर निघेपर्यंत सायंकाळचे दूध फाट्यावर नेण्याचे काम मी केले. गाडीवरून नव्हे, त्यांच्याच सायकलवरून. किटल्या भरलेल्या असताना सायकल किती जड होते आणि रिकाम्या असताना किती खणखणते, हे दोन्ही मला आता ठाऊक आहे. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला मी उतरून कडेला उभा राहत असे.

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी काम पुरे व्हायचे होते. बोल्ट आवळले, आवळताना झोत थोडा हलला म्हणून पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. मग काका म्हणाले, भिंतीवर काय दिसतंय ते दिसतंय, रस्त्यावर बघू या. आम्ही त्याच जागी गेलो. काका चराच्या काठावर उभे राहिले. मी सौभाग्यवतींना मागे बसवून, पेट्या लावून, फाट्यापर्यंत जाऊन डिपरवर परत आलो. आज माझ्या उजेडात मला रस्त्याची कडा दिसली, उखडलेले डांबर दिसले, मग काकांच्या चपला दिसल्या, धोतराचा काठ, गळ्यातली झोळी. तोंड मात्र अंधारातच होते. मी त्यांच्यापाशी येऊन थांबलो आणि इंजिन बंद केले.

"दिसतं का आता, काका?"

"चर दिसतोय," ते म्हणाले. मग चराकडे पाहत क्षणभर विचार केला. "पण मास्तर, अजून बोटभर खाली घ्या. माझी सून माझ्यापेक्षा बुटकी हाय."

मी खिशातून पाना काढला.